सातव्या गाण्यातली ठकठक

१

रविवारी सकाळी राजदीप चपला न काढता थेट आमच्या घरात शिरला. राजदीप माझा भाचा. गडचिरोलीतल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, आणि दुसऱ्याच्या चपला दारात वाकड्या दिसल्या तरी सरळ करून ठेवतो. तेव्हा काहीतरी बिनसलंय हे ओळखून मी शब्दकोडं बाजूला ठेवलं.

"मामाजी, सातवं गानं गेलं."

"कुठी गेलं?"

"पुसलं कोनंतरी. लॅपटॉपमधून, प्रफुलच्या रेकॉर्डरमधून, पेन ड्राइव्हमधून. साइटवर चढवून ठेवलं होतं, तिथूनही. बाकीची अकरा जशीच्या तशी आहेत. फक्त इंदिराबाईचं नाई."

माझी बायको कमला भांडी घासता घासता बाहेर आली. "इंदिराबाईचं?" एवढंच म्हणाली आणि ओल्या हातांनीच खाली बसली.

हे काय प्रकरण आहे ते सांगतो. राजदीप आणि त्याची बायको संघप्रिया कुरखेड्याकडच्या गावांतून बायकांची गाणी रेकॉर्ड करत फिरत होते. धानाच्या रोवणीची, लग्नातली, तलावावरची. त्यांतली बारा निवडून त्यांनी स्वतःच्या साइटवर ठेवायची ठरवली. वर लिहिलं होतं : 'जमेल ते द्या. नाही जमलं तरी ऐका.' जे येईल ते तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरचे जे पेशंट इकडून नागपूरला जातात, त्यांच्या घरच्यांच्या राहण्याजेवणासाठी. आमच्या भागात तंबाखू-सुपारीचा खर्रा पोरंटोरंही खातात आणि म्हातारे तर झोपेतही चघळतात. ऑपरेशन योजनेत होऊन जातं, पण पेशंटसोबत आलेल्या माणसाने झोपायचं कुठे आणि खायचं काय, याची योजना कोणी काढलेली नाही.

प्रत्येक गाण्यासोबत संघप्रियाची एक कथा मिळणार होती. तिच्या कथा प्रकाशकांकडे जात आणि तिकडेच राहत. शेवटी तिने स्वतःच टाइप केल्या, स्वतःच मुखपृष्ठ केलं आणि ई-पुस्तक काढून मोकळी झाली. मलाही पाठवलं होतं. मी "छान, छान" असं उत्तर दिलं होतं, न वाचता.

आणि इंदिराबाई? कोसमटोल्याची ढिवराची, मासेमाराच्या घरची बाई. तिचं गाणं मे महिन्यात रेकॉर्ड झालं. पावसाळा लागता लागता नागपूरला तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. आता तिच्या गळ्याला भोक आहे, त्यावर पांढरं फडकं असतं. तिथून श्वास येतो, आवाज येत नाही. बाईचा आवाज साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरला होता, सातव्या गाण्यात. तो कोणीतरी पुसला होता, आणि अल्बम दुसऱ्या दिवशी लोकांसमोर यायचा होता.

"पोलिसात जाऊ का?" राजदीपने विचारलं.

"जाऊन काय सांगशीन? गानं हरवलं म्हनून?"

माझी सगळी नोकरी पोलिसांच्या बिनतारी खात्यात गेली. पावसात भामरागडचा रस्ता तुटला की तिकडची खबर आधी माझ्या कानात यायची. कमला म्हणते, माणूस रिटायर झाला पण कान झाले नाहीत, फक्त तिचं बोलणं तेवढं ऐकू येत नाही. ती आता माझ्याकडे बघून म्हणाली, "बसून का राह्यले? जा ना. बाईचा आवाज आहे तो."

२

शनिवारी संध्याकाळी राजदीपच्या घरी सगळे जमले होते, बारा गाणी एकदा सलग ऐकायला. संघप्रियाने मला बैठकीच्या खोलीत उभं करून कोण कुठे बसलं होतं ते दाखवलं.

"मामाजी, प्रफुलभाऊ इथी, लॅपटॉपजवळ. निकेश खाली, सतरंजीवर. घनश्यामभाऊ दारात खुर्ची टाकून, कारन त्याईले सारखं थुकाले जा लागते."

प्रफुल हा वडशाचा साऊंडवाला. झाडीपट्टीच्या नाटकांना भोंगे लावतो, या अल्बमचं रेकॉर्डिंग त्यानेच केलं. निकेश म्हणजे इंदिराबाईचा एकुलता एक मुलगा, कुरखेड्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. घनश्याम कोसमटोल्याच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष.

"दोन गान्यावर लाइन गेली," ती पुढे म्हणाली. "भोंगा बंद. मग लॅपटॉपच्या त्या बारक्या आवाजावरच ऐकलं. सातवं लागलं तेव्हा निकेश म्हनला, वहिनी, आईचं मले नीट ऐकू द्या. मग त्यानं हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. ऐकून झालं अन् उठून अंगनात गेला. लय रडला असंन बिचारा. आमी कोनी मागं नाई गेलो."

"मग?"

"मग मागच्या अंगनात जेवाले बसलो. लॅपटॉप, रेकॉर्डर, पेन ड्राइव्ह, सगळं इथंच होतं. हात धुवाले, पानी घ्याले जो तो मधात उठलाच."

"भांडन झालं कोनाचं?"

"घनश्यामभाऊ चिडले होते. गान्याच्या खाली आमी 'ढोलकी : पत्रू' असं लिवलं ना, त्याच्यावर. चोराचं नाव काऊन लिवता म्हने."

हे पत्रूचं मला माहीत नव्हतं. ते असं : कोसमटोल्याचा तलाव सोसायटीचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक दिवस ठरतो आणि त्या दिवशी सगळ्या घरांचे डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, एकदमच पाण्यात उतरतात. त्याआधी कोणी जाळं टाकायचं नाही, टाकलं तर ती साऱ्या गावाची चोरी. यंदा मे महिन्यात जाळी वर आली तर मासोळीच नाही. आधीच कोणीतरी तलाव धुऊन नेला होता. त्याच्या दोन दिवस आधी सगळं गाव एका लग्नाला गेलं होतं, गडीमाणसांत गावात एकटा पत्रूच होता. पावसाळ्याच्या तोंडावर पंच बसले, त्यांनी त्यालाच धरलं, सोसायटीतून नाव कापलं. तो तेलंगणात बांधकामावर निघून गेला.

"पन लग्नाच्या दिवशीच तर तुमचं रेकॉर्डिंग झालं ना?"

"हाव. प्रफुलभाऊनंच तो दिवस धरला. गाव खाली राहीन, लाउडस्पीकर नाई, लेकरं नाई."

मी प्रफुलला फोन करून बोलावलं. तो मोटरसायकलवर आला तोच तापलेला.

"श्रावणभाऊ, मले इचारू नका. माह्याच गान्याले मीच काऊन पुसू?"

"तुले त्या गान्यावर डीजे लावाचा होता, असं ऐकलं."

"होता ना! राजदीपभाऊ नाई म्हनले, विषय संपला. उलट माहंच नुकसान झालं. हे गानं आता वडशात वाजलं असतं."

"दुसरी कॉपी नाई?"

त्याचा आवाज उतरला. "तीन टेक होत्या, भाऊ. ऑपरेशन झाल्यावर बाई घरी आल्या तेव्हा मी तिन्ही घेऊन गावात गेलतो. निकेश दुकानात होता, बाई एकल्याच होत्या. हेडफोनवर ऐकवल्या. म्हटलं, ही पहिली नका घेऊ, हिच्यात मागं कोनी कपडे धोपटून राह्यलं, बाकीच्या दोन साफ आहेत. बाईनं पहिलीच धरली. मी लय समजवलं. माहा हातच सोडे नाई. मग मी बाकीच्या दोन उडवल्या, कार्डावर जागा नव्हती." त्याने मान खाली घातली. "त्या उडवल्या नसत्या तर आज बाईचा आवाज राह्यला असता."

"पत्रूवर आळ आला तेव्हा तू का बोलला नाई, तो तुमच्यासोबत होता म्हनून?"

"बोललो ना! पंच म्हनले, तासभर तुमच्यासोबत होता, बाकीचा दिवस?"

तोही बरोबर बोलत होता आणि पंचही. मला पंचांचा रागच आला, कारण बरोबर बोलणाऱ्या माणसांशी भांडता येत नाही.

३

घरी येऊन मी कमलाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"चोर ते गानं ऐकूनच बिथरला असंन," ती म्हणाली.

"ऐकलं तर साऱ्याईनंच."

"पन कधी ऐकलं?"

कमला बोलून गेली आणि मी शर्टाची बटणं लावता लावता थांबलो. गाणं चार-पाच महिने राजदीपच्या लॅपटॉपमध्ये पडून होतं. प्रफुलने ते शंभरदा ऐकलं असेल, राजदीप आणि संघप्रियाने तितकंच. त्यांना खुपलं असतं तर केव्हाच गेलं असतं, कोणाला पत्ताही लागला नसता. ते शनिवारी संध्याकाळी खुपलं. म्हणजे शनिवारी ज्याने ते पहिल्यांदा ऐकलं त्यालाच. असे दोघे होते, घनश्याम आणि निकेश.

निकेशचं नाव मी लगेच खोडलं. आईचा गेलेला आवाज कोणता मुलगा पुसेल? राहिला घनश्याम. ज्याला चोर ठरवून गावाबाहेर काढला, त्याचं नाव आता जगभर जाणार, हे त्याला झोंबलं होतंच. पण मग त्याने नाव पुसायला लावलं असतं. साऱ्या गाण्यावर कशाला उठायचं? त्या गाण्यात असं होतं तरी काय?

ते ऐकायचं कसं? गाणं तर उरलंच नव्हतं.

"तुमी तिची गोष्ट वाचली का?" कमलाने विचारलं. "सातवी?"

"वाचतो ना."

"म्हंजे नाई वाचली." तिने माझा मोबाइल उचलला, चष्मा लावला आणि संघप्रियाचं पुस्तक उघडून दिलं. तिने बाराही कथा वाचल्या होत्या. वर स्वतःच्या भिशीतल्या बायकांनाही पाठवल्या होत्या.

सातव्या कथेचं नाव होतं 'काठ'. एक बाई तलावाच्या काठी चिंचेखाली बसून गाते, शेजारी एकजण ढोलकी वाजवतो, आणि बाईला आपलं माहेर आठवतं. कथा चांगली होती. न वाचता "छान, छान" म्हटल्याची मला लाज वाटली. मध्येच हे होतं :

'पलीकडे कोणीतरी कपडे धोपटत होतं. दोन धपके लागोपाठ, मग थांबून एक. पुन्हा दोन, पुन्हा एक. तिसऱ्या कडव्याला ते धोपटणं सरकत सरकत या बाजूने पार त्या बाजूला गेलं. तेव्हाच बाईने आवाज एकदम वर चढवला, एवढा की ढोलकीवाल्याचा ठेका चुकला.'

मी संघप्रियाला फोन लावला. "सातवीमधलं ते धोपटनं तू मनानं लिवलं का गं?"

"नाई मामाजी! माहा एकच नियम आहे, आवाज खरे अन् मानसं खोटी. हेडफोन लावून जे जे ऐकू आलं तेच कथेत टाकलं. ते धोपटनं डाव्या कानातून उजव्या कानात गेलतं, म्हनून तसं लिवलं."

मी फोन ठेवला आणि कमलाकडे बघितलं.

"कपडे धुवाचा गोटा कधी चालते का?" मी विचारलं.

४

कुरखेड्याची एसटी धरून मी दुपारी कोसमटोल्यात उतरलो. तलाव भरलेला होता, काठाने कमळं होती. बांधावर डोंगे ओढून ठेवले होते, त्यांतला एक उलटा, बुडाशी गवत उगवलेला. पण त्याच्या कडेचं शेवाळ मात्र एका बाजूने खरवडलेलं होतं.

पाण्याच्या कडेला एक बाई जाळं धूत होती. ती मंगली, पत्रूची बायको. मी ओळख सांगितली तरी तिने हात थांबवला नाही.

"गान्यात नाव टाकलं होतं म्हने त्याचं," ती म्हणाली. "आता तेही गेलं का?"

"शोधून राह्यलो."

"त्याले फोनवर सांगतलं होतं मी, तुह्यं नाव येनार आहे म्हनून. लय खूश झाला. म्हने, आता गावात येतो." तिने जाळं पिळलं. "आता काय सांगू त्याले?"

मी सोसायटीच्या शेडकडे गेलो.

घनश्याम तिथे बाजेवर बसून खर्रा घोटत होता. मला बघून त्याने पुढे केला, मी नको म्हटलं. बाजूच्या टेबलावर सोसायटीचा कॉम्प्युटर होता, त्यामुळे 'मले यातलं काही समजत नाई' असं त्याने म्हणायच्या आतच मी म्हणालो, "अर्ज तर तुमीच ऑनलाइन भरता, घनश्यामभाऊ."

"हाव, भरतो. म्हनून गानं मी पुसलं का?" तो भडकला नाही, उलट सुस्कारा टाकला. "श्रावणभाऊ, मी त्या पत्रूवर रागावलो हे खरं. पन इंदिराबाई माह्या लग्नात गायली. माह्या पोरीच्या लग्नात गायली. तिच्या गान्याले मी हात लावन का?"

"शनिवारी गान्यात मागं काई ऐकू आलं तुमाले?"

"त्या डब्यातून? बाईचाच आवाज मच्छरासारखा येऊन राह्यला होता."

मग मी त्याला विचारलं की तलावात मासोळी जाळ्याकडे कशी हाकलतात.

त्याने सोंगटी, म्हणजे आखूड लाकडी दांडकं, आणून शेडच्या लाकडी खांबावर वाजवून दाखवली. डोंग्याच्या कडेवर असं ठोकत जायचं, आवाजाने मासोळी पुढे पळते. पण सगळे डोंगे एकदम पाण्यात असतात, कमळं असतात, कोण कुठे आहे ते दिसत नाही आणि जाळ्यात जाळं अडकतं. म्हणून कोसमटोल्यात प्रत्येक घराचा ठेका वेगळा. घनश्यामच्या घरचा तीन आणि एक. पत्रूच्या घरचा नुसता एक-एक, सावकाश. बापाकडून मुलाकडे ठेका जातो, जसं शेत जातं तसा.

मला हे ऐकून आमच्या खात्याचे जुने दिवस आठवले. मोर्सच्या किल्लीवर कोणीही बसो, आवाज एकच, टकटक. पण पलीकडे कोण आहे हे आम्हाला नाव न सांगता कळायचं. आम्ही त्याला 'हात' म्हणायचो. सिरोंच्याच्या माणसाचा हात वेगळा, एटापल्लीच्या माणसाचा वेगळा, आणि तो हात कोणालाही लपवता यायचा नाही.

मी घनश्यामच्या हातातून सोंगटी घेतली आणि खांबावर ठोकलं. दोन लागोपाठ, मग थांबून एक.

घनश्यामचा खर्रा तोंडातच राहिला.

"हे कुठी ऐकलं तुमी?"

"कोनाचं घर?"

"डोमाचं," तो म्हणाला. "पन डोमाले जाऊन सालं झाली. त्याच्या मागं त्या घरचा डोंगा पान्यात उतरलाच नाई. तो बघा, उलटा पडला आहे बांधावर."

"डोमा म्हंजे कोन?"

"इंदिराबाईचा नवरा."

५

इंदिराबाईचं घर तलावालाच लागून होतं. दार उघडं होतं. अंगणात निकेश एका मोबाइलचं पोट उघडून बसला होता, रविवार असल्याने घरीच होता. मला बघून उठला, पाणी आणलं, खुर्ची पुसली.

"सापडलं का, भाऊ, आईचं गानं?" त्याने विचारलं. विचारताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्याला काहीच विचारलं नाही. खुर्चीच्या लाकडी हातावर बोटांनी ठोकलं. दोन, आणि एक.

पाण्याचा गडवा त्याने खाली ठेवला. मग माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"लग्नाले गेलतो मी," तो हळू म्हणाला. "अर्ध्या रस्त्यातून वापस आलो. नागपूरच्या डॉक्टरनं तारीख देली होती, अन् घरात काहीच नव्हतं. योजनेत ऑपरेशन झालं असतं, पन तिथं राहाचं कसं? कोनाले मागू? गाव खाली होतं. मले मालूम नव्हतं आई चिंचेखाली गाऊन राह्यली म्हनून. मी पलीकडून, कमळाच्या आडून डोंगा घातला."

"अन् ठेका?"

"तेच तर, भाऊ!" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "एकटाच होतो. कोनाच्या जाळ्यात जाळं अडकनार होतं? कसंही ठोकलं असतं तरी मासोळी पळालीच असती. पन लहान होतो तेव्हा बाबाच्या समोर बसून तेवढंच शिकलो. हात तसाच पडते."

"पत्रू गेला तेव्हा?"

"तेव्हा आई दवाखान्यात होती. म्हटलं ती आली का सांगन. आली, तर बोलूच शकत नव्हती. तिच्यासमोर कोनत्या तोंडानं सांगू? मग राहूनच गेलं. शनिवारी हेडफोन लावला, आई गाऊन राह्यली, अन् तिच्या आवाजाच्या मागं मी ठोकून राह्यलो. गावात एकानं जरी ऐकलं असतं..." त्याने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आईले मालूम नाई, भाऊ. तिले नका सांगू. बाकी काही करा."

तेवढ्यात दारातून आवाज आला. ठक ठक. ठक.

इंदिराबाई चौकटीला टेकून उभी होती. गळ्यावर पांढरं फडकं, हातात भाकरीचं लाकडी उलथनं. तिने पुन्हा एकदा चौकटीवर ठोकलं, दोन आणि एक, आणि मुलाकडे बघितलं.

मला तेव्हा सगळं एकदम कळलं.

"निकेश," मी म्हणालो, "प्रफुलनं तिले तीन टेक ऐकवल्या होत्या. दोन साफ होत्या. ठकठक असलेली एकच होती, अन् तिनं तीच धरली. तो नको म्हनला तर त्याचा हात सोडला नाई. पत्रू तोवर गाव सोडून गेला होता."

निकेश आईकडे बघत राहिला.

"तिनं गातानाच ओळखलं होतं," मी म्हणालो. "मेलेल्या नवऱ्याचा ठेका तलावातून आला, तर वाजवनारा दुसरा कोन असनार? तिसऱ्या कडव्यात तू जवळ आला, अन् तिनं आवाज चढवला, तुह्यी ठकठक झाकाले. नंतर पत्रूवर आळ आला तेव्हा तिले बोलता येत नव्हतं. आलं असतं तरी पोटच्या पोराचं नाव तिच्यानं घेववलं नसतं. म्हनून तिनं गानं पुढं केलं."

इंदिराबाई येऊन मुलाच्या शेजारी बसली आणि पदराने त्याचं तोंड पुसलं. निकेश ओक्साबोक्शी रडला. मीही रडलो असं कमलाला सांगितलेलं नाही, पण तिला कळलंच असेल.

"अगदीच पुसलं का रे?" मी शेवटी विचारलं. हीच भीती मला सकाळपासून होती.

त्याने खिशातून फोन काढला. "पुसाच्या आधी स्वतःले पाठवून घेतलं. आईचा आवाज आहे, भाऊ. कसा पुसनार?"

६

सोमवारी संध्याकाळी अल्बम गडचिरोलीऐवजी कोसमटोल्यात सोसायटीच्या शेडसमोर उघडला. राजदीप म्हणाला, सगळं गाव असेल तर इथेच बरं. प्रफुलने नाटकाचे मोठे भोंगे आणून लावले. संघप्रिया मोबाइल हातात धरून सगळ्यांना साइट कशी उघडायची ते दाखवत होती. कमला पहिल्या रांगेत, आणि इंदिराबाईचा हात तिच्या हातात.

सहा गाणी झाली. सातवं लागलं आणि इंदिराबाईचा आवाज तलावावर पसरला, भरदार, थोडा घोगरा. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. मग ठकठक ऐकू आली. भोंगे मोठे होते, काहीच लपलं नाही. दोन, आणि एक. आधी म्हाताऱ्यांच्या माना वळल्या, मग बाकीच्यांच्या. घनश्याम उठून उभा राहिला. तिसऱ्या कडव्यात बाईचा आवाज चढला आणि ढोलकीचा ठेका चुकला, आणि कोणाचे हात ढोलकीवर होते हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

गाणं संपलं तेव्हा निकेश पुढे येऊन उभा होता.

"तो डोंगा माहा होता," तो म्हणाला. "पत्रूभाऊ ढोलकी वाजवून राह्यला होता. तुमी सगळ्याईनं ऐकलं."

घनश्याम त्याच्याजवळ आला. मग म्हणाला, "तुह्यं काय कराचं ते पंच बसून ठरवतीन. पन पत्रूले मी काढलं होतं. आनाले मीच जातो."

आणि दुसऱ्या दिवशी तो खरंच तेलंगणाच्या बसमध्ये बसला.

पत्रू आला त्या दिवशी मीही मुद्दाम गेलो होतो. उंच, हडकुळा, सिमेंटने फुटलेले हात. मंगलीच्या मोबाइलवर त्याने सातवं गाणं ऐकलं, तळहात मांडीवर वाजवत, आणि जिथे ठेका चुकला तिथे पुन्हा चुकला. खाली लिहिलेलं आपलं नाव मंगलीला दोनदा वाचायला लावलं. मग तो मंगलीला घेऊन सरळ इंदिराबाईच्या अंगणात गेला. निकेशने पुढे येऊन त्याचे पाय धरले. पत्रूने त्याला उठवलं, पण त्याच्याशी बोलला नाही. अजून बोलत नाही.

तो बाईसमोर बसला. "बाई," तो म्हणाला, "एक इचारू? ढोलकीच्या नादात मले मागचं काई ऐकू नाई आलं. तिसऱ्या कडव्यात तुमी एवढ्या जोरानं गायल्या, माहा ठेका चुकला. ते कोनासाठी?"

इंदिराबाईने निकेशकडे बोट केलं.

पत्रूने मान हलवली. त्याला ते माहीत होतं, पण तिच्याकडूनच कळायला हवं होतं.

मग तिने त्याच्या हातातला मोबाइल घेतला, ज्यात ते गाणं होतं, तिचा उरलेला आवाज होता. तो छातीशी धरला, आणि दोन्ही हातांनी परत पत्रूच्या ओंजळीत ठेवला.

पत्रूने तो घेतला आणि गाणं पुन्हा लावलं. मंगलीने इंदिराबाईच्या चुलीवरून चहा आणला.